कोपऱ्यातला पाहुणा

११ नोव्हेंबर, सोमवार. पांढुर्णा

पोहोचले एकदाची. नागपूरला गाडी सुटताना आईनं डोळ्याला पदर लावला होता, जणू मी सातासमुद्रापार निघाले. इथं उतरले तर फलाटावर एक बाई चहावाल्याशी अगदी नागपूरच्या आमच्या इंदोरा वस्तीतल्यासारखी भांडत होती. राज्य बदललं, मध्य प्रदेश लागला, हे फक्त पाट्यांवरून कळतं. पाट्या हिंदीत, भांडण आपल्यातलं.

लीलामावशी न्यायला आली होती. ही आईची मावसबहीण; आजवर मी तिला लग्नांमध्येच पाहिलेलं. एकटीच राहते, शाळेतल्या मास्तरांना आणि बँकेतल्या लोकांना डबे करून देते. मला पाहून पहिलं वाक्य, "इतकी सुकली काहून वं पोरी? नागपुरात अन्न भेटत नाही काय?" मग घरी येईपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होती की ही माझ्या बहिणीची पल्लवी, कॉम्प्युटरची डॉक्टर होऊन आली. मी दोनदा दुरुस्ती केली, मग सोडून दिलं.

दोन खोल्यांचं घर. पुढची खोली माझी. खिडकीखाली टेबल आहे आणि सकाळी त्यावर ऊन येतं. रोजनिशी लिहायचं दरवर्षी ठरवते आणि राहून जातं. या टेबलावर होईल असं वाटतं. जेवायला वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी होती, भल्ली झणझणीत. नाक पुसत पुसत दोन वेळा वाढून घेतली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कामाचा पहिला दिवस. एक्स-रे आणि सोनोग्राफीचं सेंटर आहे, मोरेश्वर सरांचं. सर स्वतः रेडिओलॉजिस्ट, चष्मा कपाळावर चढवून तो शोधत फिरणारे. कॉलेजात असताना त्यांना लिनक्सचं वेड होतं, म्हणून इथले सगळे कॉम्प्युटर लिनक्सवर. वेड राहिलं, वेळ राहिला नाही. आधीचा मुलगा, वैभव, पावसाळ्यात नोकरी सोडून सौंसरला आपल्या गावाकडे गेला. तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही.

एक्स-रे काढतो तो अंकुर. जांब नदीच्या पलीकडे सावरगावला राहतो. नदीवर दोन्ही गावांची दगडफेक होते त्या गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याला जेवायला फुरसत नसते, हे त्यानं मला ओळख होताच सांगितलं, आणि अभिमानानं सांगितलं.

मुख्य कॉम्प्युटर सरांच्या खोलीत आहे. एक्स-रे मशीनमधून फोटो तिथं येतात, सर मोठ्या स्क्रीनवर पाहून रिपोर्ट देतात. या स्क्रीनचे हाल बघण्यासारखे आहेत. मेन्यू उघडला की नुसता काळा चौकोन. विंडो ओढली की तिच्या मागे तिच्याच दहा सावल्या फरफटत येतात. सगळ्यात वाईट म्हणजे एकाचा फोटो बंद करून दुसऱ्याचा उघडला, तर आधीच्याची एखादी पट्टी तशीच राहते. मागच्या महिन्यात एका म्हातारीच्या मांडीत सरांना मोडलेलं हाड दिसलं. ते तिच्या आधी आलेल्या ट्रकड्रायव्हरचं होतं.

मला असलं काम आवडतं. चुकीला कारण असतंच, ते सापडेपर्यंत बसायचं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कारण सापडलं. कधीतरी अर्धवट अपडेट झालं होतं. लिनक्स नवं, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुना, दोघांची भाषा जुळेना. ड्रायव्हर काढून नीट बसवला, लॉगिन करताना जुन्या पद्धतीचं सेशन निवडलं. सावल्या गेल्या, काळे चौकोन गेले, पट्ट्या गेल्या. सरांनी विंडो गोल गोल फिरवून पाहिली आणि लहान मुलासारखे हसले. अंकुरनं सगळ्यांसाठी समोसे आणले.

मावशीला सांगितलं तर म्हणाली, पहिल्याच आठवड्यात रोगी बरा केला, आता फी घे त्याच्यापासून.

१८ नोव्हेंबर, सोमवार

एक डाग मात्र हटत नाही.

छातीचा फोटो उघडला की स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, मुठीएवढा करडा डाग येतो. हातापायाच्या फोटोंवर येत नाही. फोटो सरकवला तरी डाग जागेवरच, फोटो मोठा केला तरी तो तेवढाच. म्हणजे तो फोटोत नाही, फोटोच्या वर कुठेतरी काढला जातो आहे. फिल्मवर छापून येत नाही, म्हणून आजवर कोणी मनावर घेतलं नाही. पण आता सर सुटीवर असले की नागपूरचे एक डॉक्टर दुरून हाच स्क्रीन पाहून रिपोर्ट देणार आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, हे काय आहे म्हणून.

केबल बदलली. मॉनिटर बदलला. स्क्रीनशॉट घेतला तर त्यातही डाग, म्हणजे मॉनिटरचा दोष नाहीच. नवीन युजर तयार करून पाहिला, तिथंही तो आहे. दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये नाही. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत जुनं काहीतरी पडून असतं आणि प्रोग्राम ती जागा पुसायला विसरतो, असं बरेचदा होतं. तसंच काही असेल.

अंकुर म्हणाला, "राहू द्या ना मॅडम. पाहुणा हाय तो आपला. कोपऱ्यात बसून राहते, कोनाले तरास देत नाही." हे नाव वैभवनं ठेवलं होतं म्हणे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पाहुण्याला निरोप दिला.

शेवटी साधाच उपाय निघाला. या प्रोग्रामची चित्रं काढायचं काम ग्राफिक्स कार्डाकडून काढून घेतलं आणि मुख्य प्रोसेसरकडे दिलं. एका ओळीची सेटिंग. फोटो उघडायला जरा उशीर लागतो, पण कोपरा स्वच्छ.

मावशीला पंधरा दिवसांपासून खोकला आहे. रोज म्हणते, मिरचीच्या फोडणीचा आहे, जाईल. आज मीच तिला ओढून घेऊन गेले. अंकुरनं फोटो काढला, आणि दुरुस्त झालेल्या स्क्रीनवर पहिला फोटो तिचाच उघडला. मला त्याचाच जास्त आनंद. सरांनी पाहून सांगितलं की फुप्फुसं पोरीसारखी आहेत, फोडणी कमी करा. मावशीनं स्वतःची छाती स्क्रीनवर पाहून विचारलं, एवढीशीच जागा हाय काय आतमधी? मग इतके वर्षं एवढं सगळं कुठं ठेवलं मी?

अंकुर हसून हसून बेजार.

२४ नोव्हेंबर, रविवार

खोकला गेला, पण मावशीला छातीवर दाब वाटतो आहे. दुखत नाही, जळत नाही. "कोनी येऊन बसलं असं वाटते वं. अन् तुयासारखी सुकटी नाही, चांगली भरेल बाई बसली हाय." म्हणून हसली. पण सकाळी कणीक मळताना तिनं दोनदा हात थांबवला. मी पाहिलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दाब वाढला. काल अर्ध्या लोकांचे डबे तिनं शेजारच्या बाईकडून करवून घेतले. हे तिच्या स्वभावात नाही.

दुपारी सर जेवायला गेले तेव्हा मी तिचा फोटो पुन्हा उघडला. सरांनी काही पाहायचं राहिलं असेल का, एवढंच मनात होतं.

डाग आहे. कोपऱ्यात नाही, तिच्या उजव्या फुप्फुसात, खालच्या बाजूला. मला वाटलं सेटिंग उडाली. तपासली, जागेवर होती. मग फोटो सरकवला. डाग फोटोबरोबर सरकला. मोठा केला, तो मोठा झाला.

बराच वेळ मी तेच करत बसले. सरकव, मोठा कर, लहान कर. गेल्या आठवड्यापर्यंत हा डाग फोटोच्या वर होता. आता तो फोटोच्या आत आहे.

दुसऱ्या कोणाच्याही फोटोत नाही. तीच फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली तर स्वच्छ. फिल्म स्वच्छ. सरांना दाखवलं. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, तुझ्या दुरुस्तीला परत ताप आला. मावशीला गॅसची गोळी लिहून दिली.

३० नोव्हेंबर, शनिवार

सेटिंग उलटी फिरवली. सगळं होतं तसं करून ठेवलं. कोपऱ्यात डाग परत आला नाही. मावशीच्या फोटोत आहे, आणि बुधवारपेक्षा वर आहे. काल दिवसभर मशीनच बंद ठेवलं, बिघाड झाला असं सांगून. मावशीला काही फरक नाही.

मोठा करून पाहिला. पाहायला नको होता. एवढे दिवस मी त्याला डाग म्हणते. तो आकार आहे. गुडघे पोटाशी घेऊन, डोकं खाली घालून कोणी बसावं तसा.

३ डिसेंबर, मंगळवार

मावशीला नागपूरला नेऊन आणलं. सीटी स्कॅन, हृदयाची तपासणी, सगळं झालं. सगळं उत्तम. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरी काही टेन्शन आहे का. मावशी म्हणाली, हाव, एक पोट्टी राहायले आली हाय, जेवतच नाही.

परतताना गाडीत ती खिडकीला डोकं टेकून होती. एक वाक्य बोलायला दोनदा श्वास घेते. मी हात धरला तर म्हणाली, तू नको घाबरू वं, मी एवढ्यात कुठं जात नाही.

तिला काही सांगायचं नाही, असं ठरवलं आहे. सांगायचं तरी काय?

६ डिसेंबर, शुक्रवार

आज महापरिनिर्वाण दिन. मावशी दरवर्षी विहारात सगळ्यात पुढं बसते म्हणे. आज तिला पायऱ्याच चढवेनात. खालीच बसून तिनं वंदना म्हटली, ओठ हलत होते, आवाज नव्हता. बायका येऊन येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

दुपारी सेंटरला जाऊन पाहिलं. तो आता गळ्याच्या हाडाखाली आहे. आणि डोकं खाली नाही. वर केलेलं आहे.

अंकुरकडून वैभवचा पत्ता घेतला.

८ डिसेंबर, रविवार

सौंसरला जाऊन आले. नीट लिहून ठेवते, कारण मी हे दुसऱ्या कोणाला सांगू शकेन असं वाटत नाही.

बसमध्ये जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांची गर्दी होती, नारळ, हार, लेकरं. मी दाराशी उभी होते. वैभव घरी भेटला नाही. बोरगावच्या वाटेवर त्यांचा बगीचा आहे, तिथं संत्र्याची तोड चालू होती. झाडाखाली बसून तो क्रेट भरत होता. तिशीचा असेल, दाढी वाढलेली. मी सेंटरमधून आले एवढंच म्हटलं. त्यानं माझं नावही विचारलं नाही.

"पाहुणा गेला काय कोपऱ्यातून?"

मी हो म्हटलं. त्याच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं.

"त्याच्या नंतर पहिला फोटो कोनाचा उघडला?"

मावशीचं नाव सांगितलं. तो उठला, तोडीच्या माणसांना पलीकडच्या रांगेत जायला सांगितलं, आणि परत येऊन माझ्यासमोर मातीत बसला.

त्यानंही तीच सेटिंग केली होती, याच वर्षी उन्हाळ्यात. डाग गेला, आणि पहिला फोटो त्याच्या बाबांचा उघडला, पुंडलिकरावांचा. ते सहज दाखवायला आले होते. बगीच्यात दिवसभर फवारणी करणारा माणूस, धडधाकट. महिनाभरात त्यांना बाजेवरून उठवेना. सगळे रिपोर्ट चांगले. ते एकच म्हणायचे, याले उतरव रे कोनी.

"मी तो फोटो डिलीट केला," वैभव म्हणाला. "मले वाटलं, फोटो गेला का तोबी जाईन. दुसऱ्या दिवशी बाबा गेले. तेरवी करून मी सेंटरवर गेलो, तं हा आपला कोपऱ्यात. जसा काही कुठं गेलाच नव्हता." मग त्यानं ड्रायव्हर अर्धवट काढून ठेवला, कोणी त्या स्क्रीनच्या नादी लागू नये म्हणून, आणि नोकरी सोडली.

मला राग आला. सांगायचं होतं ना, म्हटलं. निदान सरांना, निदान अंकुरला.

"काय सांगू? स्क्रीनवरच्या डागानं माया बाप मारला म्हणू? तुमी मानलं असतं?"

मीही मानलं नसतं.

निघताना तो मागून आला. एक गोष्ट त्याला सांगायची नव्हती, पण सांगितली. बाबा आजारी असताना एकदा त्यानं तुलनेसाठी त्यांच्या फोटोशेजारी दुसऱ्या एका पेशंटचा फोटो लावला होता. स्क्रीनचे दोन भाग, एकीकडे बाबा, दुसरीकडे तो माणूस. आणि पाहुणा त्या माणसाकडे वळला. मधल्या रेघेपर्यंत आला. त्याच दिवशी बाबा उठून बसले होते, पाणी मागितलं होतं. वैभवनं घाबरून दुसरा फोटो बंद केला. तो माणूस मोहगावचा होता, दोन लहान पोरींचा बाप.

"बंद केला ते चुकलं का बरोबर केलं, मले अजून समजलं नाही," तो म्हणाला. मग त्यानं पिशवीभर संत्री माझ्या हातात दिली. मी नाही म्हणू शकले नाही.

९ डिसेंबर, सोमवार

केलं.

आधी गेल्या वर्षी वारलेल्या एका आजोबांचा फोटो मावशीच्या शेजारी लावून पाहिला. तो हलला नाही. त्याला जिवंत माणूस लागतो.

त्या मशीनमध्ये शेकडो जिवंत माणसं आहेत. नावं, वयं, गावं. मी यादी वर खाली करत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यातून माणूस निवडते आहे. हे वय फार झालं, हा एकटाच असेल. हात आखडला. खुर्ची मागे सारून भिंतीशी जाऊन उभी राहिले.

मग अंकुरला म्हटलं, मलाही खोकला आहे, माझाही एक फोटो काढ.

सर जेवायला गेल्यावर डावीकडे मावशीचा लावला, उजवीकडे माझा. तो वळला. घाईत नव्हता. जसं आपण शेजारच्या खुर्चीवर सरकून बसतो, तसा मधल्या रेघेवरून इकडे आला आणि माझ्या फासळ्यांमध्ये खाली नीट बसला. डोकं खाली घातलं.

त्याच क्षणी मला कळलं. दुखत नाही, जळत नाही. मावशीनं अगदी बरोबर सांगितलं होतं.

मावशीचा फोटो स्वच्छ.

१० डिसेंबर, मंगळवार

पहाटेच फोडणीच्या वासानं जाग आली. मावशी उभी राहून पोळ्या लाटत होती, एकीकडे रेडिओ, एकीकडे शेजारणीशी खिडकीतून बोलणं. सगळ्यांचे डबे तिनंच केले. विहारात जाऊन राहिलेली वंदनाही म्हणून आली. गॅसची गोळी बरी निघाली म्हणते, त्या सरांले काही समजत नाही असं मी उगीच म्हणत होती.

मी हसले. खूप वेळ हसता आलं नाही.

अंकुरकडून शब्द घेतला की माझा फोटो कोणी उघडायचा नाही. कोणाच्या शेजारी तर नाहीच नाही. डिलीटही करायचा नाही. त्यानं थट्टेत विचारलं, लाजता काय मॅडम? मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं हो म्हटलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

सेंटरचा जिना. मध्ये दोनदा बसले. सर म्हणाले, तरुण वयात हे बरं नाही, सकाळी फिरायला जा.

मावशी संशयानं पाहते. तिला वाटतं मी उपाशी राहते. ताटात वाढत जाते.

१४ डिसेंबर, शनिवार

मोठी वाक्यं लिहिता येत नाहीत. लिहितानाही श्वास लागतो, हे माहीत नव्हतं.

उताणं झोपलं की जास्त. कुशीवर झोपलं की तो — सावरून बसतो. जाणवतं.

१५ डिसेंबर, रविवार

आईचा फोन. बरी आहे म्हटलं. आवाज असा काहून येते, विचारलं. सर्दी.

तिला इथं बोलवायचं नाही. कोणीच माझ्या शेजारी —

१६ डिसेंबर, सोमवार

कामावर गेले नाही. वैभवचा फोन आला. कोनाले देला, एवढंच विचारलं. मी सांगितलं.  त्यानं फोन ठेवला.

मी गेल्यावर तो परत कोपऱ्यात बसेल. मग कोणीतरी नवीन येईल. हुशार. कोपरा साफ करायला —

अंकुरला सांगून ठेवायला हवं. उद्या.

१७ डिसेंबर, मंगळवार

अंकुर आला होता. सांगायला सुरुवात केली. मावशी चहा घेऊन आली. सांगणं राहिलं.

ती माझ्या उशाशी बसते. छातीला तेल चोळते. तिचा हात जिथं पडतो तिथं, आतून, तो —

मावशी, हात काढ. असं म्हणावंसं वाटतं. म्हणत नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

वर आलाय. गळ्याशी.

डोकं वर केलं असेल आता.

पाणी सुद्धा —

१९ डिसेंबर, गुरुवार

हे मी टेबलाशी बसून लिहिते आहे. खाटेवरून उठून, चार पावलं चालून, खुर्ची स्वतः ओढून बसले. सकाळी मावशी बाजारात जाते म्हणून बाहेर पडली तेव्हा मला उशी सरळ करायची ताकद नव्हती, आणि मग ऊन खिडकीत आलं तसं एकदम, कोणी मांडीवरून लेकरू उचलून घ्यावं तसं, छातीवरचं ओझं उचललं गेलं. मी पडल्या पडल्या श्वास घेतला. तो आत जातच राहिला, पार तळापर्यंत. मग आणखी एक घेतला. मी रडले, आणि रडायलाही श्वास पुरला. भूक लागली आहे, खरी भूक, भाकरी आणि मिरचीचा ठेचा खावासा वाटतो आहे. वैभवला माहीत नसेल, पण त्याचाही कधीतरी शेवट असेल, तो थकत असेल, सोडून जात असेल. आईला फोन करायचा आहे. उद्या सेंटरला जाऊन तो कॉम्प्युटर

मावशी आली. पिशवी ठेवून सरळ आत गेली. मला बसलेली पाहून टाळी वाजवली, आणि आता आतूनच बोलते आहे. मी लिहिता लिहिता ऐकते आहे. बाजारात गेलीच नव्हती म्हणते. सेंटरला गेली होती. मला सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं, म्हणून सांगितलं नाही. सरांसमोर हात जोडले म्हणते, माया पोरीचा फोटो एकडाव नीट पाहा म्हटलं. अंकुर नको नको म्हणत होता. सर त्याच्यावर ओरडले. चांगला फोटो कसा असते अन् खराब कसा असते ते मले समजावं म्हणून सरांनी बाजूले —

बाजूला तिचाच लावला.

"तुया एकदम साफ हाय म्हणे," मावशी सांगून राहिली आहे. "उगीच घाबरली मी. मायावरच गळ्यापाशी कायचा तं डाग दिसून राहिला होता. कॉम्प्युटरचा हाय म्हणे तो, पल्लवी आली का करन दुरुस्त."

हसली. हसणं मध्येच थांबलं. भांडं पडल्याचा आवाज.

मावशी?

ओ देत नाही. आधी तिच्याजवळ जाऊ की सेंटरला, ते दोन्ही फोटो अजून उघडे असतील तर मी त्याला परत माझ्याकडे —